पुढच्या रविवारचा पास

आमच्या नगारखाना तालमीच्या फुटबॉल संघात यंदा वसईहून नवा सेंटर हाफ आला आहे, आणि त्यानं दिलेला पास पुढच्या रविवारी पोचतो.

साखळीतल्या पहिल्या सामन्यात आम्हाला हे माहीत नव्हतं. रॉबी तुस्कानोनं चेंडू पायाखाली घेतला, मान वर करून मैदानभर बघितलं आणि टोलावला. चेंडू थोडा वर गेला आणि दिसेनासा झाला. पंचांनी दुसरा मागवला. तोही गेला. मध्यंतरापर्यंत तालमीतले सगळे चेंडू संपले आणि शेजारच्या शाळेतून मागून आणावे लागले. सामना आम्ही हरलो. गॅलरीत बसून मी त्या तुस्कानोच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पुढच्या रविवारी मात्र खेळ सुरू झाला आणि हवेतून एकेक चेंडू उतरायला लागला, तोही नेमका आमच्या फॉरवर्डच्या पायात. इतके गोल झाले की मला रडू आलं.

असोसिएशननं बैठक घेऊन नियम केला. मागचा चेंडू आला की चालू चेंडू बाजूला ठेवायचा, आणि ऑफसाईड मात्र पास दिला त्या रविवारचा धरायचा. तेव्हापासून लाईन रेफरी गेल्या आठवड्याचं आठवून झेंडा वर करतात. त्यावर कोणाची तक्रार नाही.

पंचाईत झाली ती माझी. मला स्थळ आलं तेव्हा मी एवढंच विचारलं होतं, की घर कुठल्या पेठेत आहे. पेठ ठरली की संघ ठरतो, म्हणजे हा संघ माझा, त्याबद्दल वाद नाही. पण तुस्कानो आला त्या जागेवर इतकी वर्षं माझे धाकटे दीर खेळायचे, मानसिंगभाऊजी. आता ते बाकावर बसायचे. रविवारी जिंकलो की मी तांबडा-पांढरा रस्सा करायची, ओरडून ओरडून घसा बसलेला असायचा, आणि समोर भाऊजी खाली मान घालून भाकरी मोडायचे. मला आनंदाची लाज वाटायची, आणि आनंद काही कमी व्हायचा नाही. एकदा हात धुताना ते म्हणाले की फायनल झाली की आपण खेळ सोडणार.

उपांत्य सामन्यात तुस्कानोनं अगदी शेवटी एक पास डाव्या कोपऱ्याकडे दिला. गुडघाभर उंचीचा, बाहेर वळणारा. त्या कोपऱ्यात आमचं कोणी कधी नसतं. डाव्या पायानं खेळणारा आमच्याकडे एकच माणूस आहे, आणि तो त्या वेळी बाकावर संत्रं सोलत होता.

मी तडक तालमीत गेले. सेक्रेटरी बापू सरनोबत म्हणाले की पास गेला म्हणून खेळाडू बदलायचा, असा काही ठराव नाही. मी म्हटलं, फायनलला तुस्कानो लागतोच कशाला? त्याचे फायनलचे पास देऊन झालेत. आता देईल ते कप वाटून झाल्यावर पोचणार.

बापूंनी चष्मा काढला. तुस्कानो तिथंच दुधाचा पेला घेऊन बसला होता. तो पास कोणासाठी होता, असं बापूंनी त्याला रीतसर विचारलं.

"नाव दिसत नाही हो," तो म्हणाला. "कुणीतरी उभं आहे, एवढंच दिसतं. तिथं देतो."

बापूंनी चष्मा परत लावला. "वैनी, तुमचं बरोबर हाय," ते म्हणाले.

फायनल वरच्या पेठेशी होती. भाऊजी डाव्या कोपऱ्यात उभे राहिले आणि तिथून हलेनात. वरच्या पेठेची गॅलरी हसत होती. कितीतरी वेळ काहीच झालं नाही, आणि मग गुडघाभर उंचीवर तो चेंडू आला. भाऊजींनी तो पडूच दिला नाही. डाव्या पायानं तसाच मारला, थेट जाळ्यात. कठड्यावर आपटून आपटून माझ्या पिशवीचा बंद तुटला. मी आयुष्यात इतकी खूश कधी झाले नव्हते, आणि या वेळी अर्ध्या मनानं नाही, पुऱ्या मनानं.

शेवटच्या मिनिटांत भाऊजींनी स्वतःच हात वर करून तुस्कानोला आत बोलावलं आणि आपण बाहेर आले. तुस्कानोनं मान वर करून मैदानभर बघितलं आणि एक उंच चेंडू डाव्या कोपऱ्याकडे टोलावला. चेंडू गेला. तेवढ्यात गुलाल उधळायला सुरुवात झाली, त्यामुळे कोणी लक्ष दिलं नाही. मी दिलं.

घरी येऊन भाऊजींनी बूट दारात काढले.

"माळ्यावर टाका वैनी. बास झालं आता."

"टाकते की," मी म्हटलं. "पण रविवारी एक पास यायचाय."

"कुणाला?"

"डाव्या कोपऱ्यात यायचाय."

भाऊजींनी बूट परत उचलले. मग त्यांनी ब्रश मागितला.

रविवारी मैदानावर कोणी नव्हतं. हंगाम संपला म्हणून गोलच्या जाळ्याही काढून नेल्या होत्या. वॉचमननं आधी हरकत घेतली, पण पास यायचा आहे म्हटल्यावर फाटक उघडलं. भाऊजी कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. मी गॅलरीत माझ्या नेहमीच्या जागेवर बसले.

चेंडू आला. भाऊजींनी तो छातीवर घेतला, अलगद खाली सोडला, मान वर केली आणि मैदानभर बघितलं. पास द्यायला कोणीच नव्हतं.

इतक्या वर्षांत मी गॅलरीतून खाली कधी उतरले नव्हते. मी चपला कठड्याशी काढल्या, पदर खोचला आणि गोलच्या दिशेनं धावत सुटले.