हिराजीचं आतडं

हिराजीला कुणी चहा विचारला की तो लगेच हो म्हणायचा नाही, नाहीही म्हणायचा नाही. उजवा हात पोटावर ठेवायचा, डोळे मिटायचा, मान जराशी तिरकी करायचा. टेलिफोनवर पलीकडचं बोलणं ऐकावं तसा उभा राहायचा. मग डोळे उघडून सांगायचा, "न्हाय बोलतंय."

कोण नाही म्हणतंय? आतडं.

नवीन माणूस आधी हसायचा, मग घाबरायचा. भिवंडीच्या नारपोलीत आम्हाला सवय झाली होती. नाक्यावरचे हॉटेलवाले इब्राहिमभाई तर लांबूनच ओरडायचे, "हिराजीभाई, आज साहब क्या बोलते हैं?" हिराजी पोटावर हात ठेवून उत्तर आणायचा, "आज आधा कप चलेगा बोलते हैं. पत्ती कम, दूध नाम को." इब्राहिमभाई बिचारे त्याच्यापुरतं वेगळं पाणी उकळायचे. वर म्हणायचे, "इतने नखरे तो मेरी ससुराल में भी किसी के नहीं."

मी शाळेत चौथीपर्यंत गेलो. मला लिहिण्यापेक्षा कापडाच्या लूमचा धोटा बरा जमतो. पण हिराजीबद्दल कुणीतरी लिहायला हवं आणि त्याला माझ्याइतकं जवळून बघितलेलं आता कुणी उरलं नाही. भिंतीला भिंत लागून आमच्या खोल्या. एकाच कारखान्यात कामाला. तो जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम ठीक करणारा. माझं पोट दगड पचवणारं. आजही वाल, सुकं मटण, काय ते आणा. त्यामुळे हिराजीचं दुखणं मला कळायला वेळ लागला. मला एकट्याला नाही, सगळ्यांनाच लागला.

तरुणपणी त्याला विषमज्वर झाला होता. ताप गेला, पण पोट पुन्हा जागेवर आलं नाही. कधी चार दिवस काही नाही, कधी चार तासात माणूस पिळून निघायचा. कळ यायची, पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. ठाण्याच्या डॉक्टरनं फोटो काढला, रक्त बघितलं आणि सांगितलं, आत काही नाही, मनाचं आहे. हिराजी परत आला तो संतापूनच.

"दादूस, मन वर हाय का खाली?"

"वर."

"मंग दुखतंय खाली, ते कसं?"

दुसरा एक डॉक्टर मात्र त्याच्याशी नीट बोलला. म्हणाला, या दुखण्यानं माणूस मरत नाही आणि ते औषधानं पुरतं जातही नाही. एकाला सोसतं ते दुसऱ्याला सोसत नाही, म्हणून आपलं आपण बघायचं. एका वेळी एकच नवीन जिन्नस खायचा, थोडा खायचा, आणि पोट काय म्हणतं ते थांबून ऐकायचं. हिराजीनं ते शब्दशः धरलं आणि तेव्हापासून तो पोटाचं ऐकायला लागला.

शुक्रवारी लूम बंद असायचे. तो त्याचा परीक्षेचा दिवस. एका शुक्रवारी दुधी, पास. एका शुक्रवारी कोबी, नापास, तोही असा की शनिवारची पाळी बुडाली. मऊ भात पास, मुगाचं पातळ वरण पास, पडवळ, घोसाळं पास. पिकलेलं केळं पास, अर्धवट पिकलेलं नापास. ताक पातळ, जिरं घातलेलं आणि दुपारच्या आत असेल तर पास. वाल, चवळी, हरभरा, कच्चा कांदा, भजी, सोड्याची बाटली यांना तो वर्गातच घ्यायचा नाही. पाणी उकळून गार केलेलं, आणि तेही घोट घोट. जेवायचं ठरल्या वेळी, थोडं थोडं, चावून चावून. माझं जेवण होऊन विडी ओढून व्हायची तरी हा पेजेच्या दुसऱ्या वाटीवर असायचा.

"अरे हिराजी, पेज काय चावतोस?"

"तू न चावता खातंस. तुझं आतडं मुकं हाय. माझं बोलतं."

त्याचं दुसरं ठरलेलं बोलणं म्हणजे, "जिथं संडास न्हाय, तिथं हिराजी न्हाय." आम्हाला भिवंडी मशिदींनी, देवळांनी, नाक्यांनी माहीत. त्याला ती संडासांनी माहीत. कल्याण नाक्यापर्यंत कुठं दार लागतं, कुठं कडी मोडकी आहे, कुठं पाणी असतं, सगळं तोंडपाठ. लोक हसायचे. सकाळी चाळीच्या रांगेत त्याला पुढं सोडायचे आणि पाठीमागून टाळ्याही वाजवायचे. तो कधी चिडायचा नाही. टमरेल उंच धरून पुढाऱ्यासारखा जायचा. पण परत येताना त्याचा चेहरा मी बघितला आहे. त्या वेळी कुणाला हसू आलं नसतं.

बायको त्याची लवकर गेली. एकुलती एक मुलगी, सुमन. तिची सोयरीक मी जुळवली, अंबाडीच्या पलीकडच्या गावी, बारकू पाटलाच्या थोरल्या मुलाशी. घर चांगलं, भाताची शेती, म्हशी. बारकू पाटील बोलायला फटकळ, पण मनानं सरळ. लग्न इथंच झालं. मग मुलीकडच्यांना तिकडं जेवणाचं बोलावणं आलं आणि तिथं सगळं बिघडलं.

आमच्या लोकांत पाण्याला फार अर्थ आहे. भावाभावांत हाडवैर झालं की शिव्या देत बसत नाहीत, घरचं पाणी सोडतात. मग तो माणूस अंगणात येईल, बोलेलही, पण पाण्याचा तांब्या पुढं केला की हात मागं घेईल. तांब्या नाकारला म्हणजे नातं तुटलं, हे लहान मुलालाही कळतं. हिराजीलाही कळत होतं. पण त्या दिवशी एस्टीनं त्याचं पोट ढवळून निघालं होतं, आणि पोट ढवळलं की त्याला जगात दुसरं काही दिसत नसे. बारकू पाटलानं माणसांनी भरलेल्या ओटीवर स्वतःच्या हातानं तांब्या पुढं केला. हिराजीनं पोटावर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "न्हाय बोलतंय." वर पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि सगळ्या पाहुण्यांदेखत घोट घोट प्याला. जेवणाला तर शिवलाच नाही.

मी समजावायला तोंड उघडलं तर बारकू पाटील मला म्हणाला, "तू गप बस. तुझ्या पावन्याला आमचा पानी बाटलेला वाटतो. बरा हाय."

झालं. सुमन सणाला आली नाही. गौरीला आली नाही. हिराजीनं निरोप धाडले, मी दोनदा जाऊन आलो. पोटाचं दुखणं आहे म्हणून सांगितलं, तर बारकू पाटील हसला. "डाक्तर बोलला ना, आत काय न्हाय? मंग?" मी आजही म्हणतो, हिराजीचं चुकलं नव्हतं. आजाऱ्याला आजारी म्हणायला त्याच्या अंगावर जखमच दिसली पाहिजे काय? पण माझ्या म्हणण्याला कोण विचारतो.

मग कळलं, सुमनला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. बारकू पाटलाचा निरोप आला: आमच्या घरचं पाणी ज्याला चालत नाही, त्याच्या घरी आमची सून जाणार नाही. वर हेही, की घरात बाईमाणूस नाही, बाळंतपण करणार कोण? त्यावर माझी बायको ताडकन बोलली, "मी काय मेलेय? भिंतीपलीकडं तर हाय." ते निभावलं. पाण्याचं निभावेना.

हिराजीनं दोन दिवस जाऊ दिले. मग म्हणाला, "दादूस, धुतलेले कपडे काढून ठेव. जायाचा हाय."

"बाटली घेशील ना?"

"न्हाय."

एस्टीत तो खिडकीला डोकं लावून बसला होता. तोंडाचा रंग कच्च्या सुतासारखा. मी म्हटलं, अजून वेळ आहे, फाट्यावर उतरू, परत जाऊ. तो म्हणाला, "तिची आई असती तर तिनंच तिकडं जाऊन पाय धरले असते. मी निदान जेवतो."

आम्ही येतोय हा निरोप आधीच गेला होता, म्हणून बारकू पाटलानं बोकड कापला होता. मान म्हणूनच कापला, दुष्टाव्यानं नाही, हे मला सांगितलं पाहिजे. गावची चार जाणती माणसं ओटीवर बसली होती. सगळ्यांना बघायचं होतं. विहिरीच्या पाण्याचा तांब्या आला. हिराजीनं दोन्ही हातांनी घेतला आणि खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता.

मग पानं मांडली. वडे, लाल तवंगाचं मटण, वालाचं बिरडं. सुमन वाढायला आली. पोट दिसायला लागलं होतं पोरीचं. तिनं बापाच्या पानात एकच वडा ठेवला, रस्सा पळीच्या टोकानं सोडला आणि पुढं सरकली. आतल्या बाजूनं सासरा ओरडला, "पोटभर वाढ गो! तुझा बाप हाय, भिकारी न्हाय."

ती तिथंच उभी राहिली. तिला लहानपणापासून ठाऊक होतं, काय होणार ते.

"वाढ बाय," हिराजी म्हणाला. "भूक लागलीय."

तिनं वाढलं. डोळे पुसले, म्हणाली मसाल्याचा धूर गेला. हिराजी जेवला. चावत बसला नाही, माझ्यासारखा जेवला. घाम कपाळावरून पानात पडत होता आणि हा माणूस हसत होता. कारखान्यात एकदा मालकाच्या धोतराचा सोगा पट्ट्यात कसा अडकला ते रंगवून सांगत होता. ओटी हसली. बारकू पाटीलही हसला. हिराजीनं मटण पुन्हा मागून घेतलं. तिसऱ्यांदा बिरडं घेतलं तेव्हा मी त्याच्या मांडीला चिमटा काढला. त्यानं माझा हात बाजूला केला.

विड्याचं पान खाऊन झाल्यावर बारकू पाटलानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सातव्यात पोरीला घेऊन जा. माझ्या मनात काय न्हाय आता."

फाटा येईपर्यंत हिराजी ताठ चालला. गाव नजरेआड झालं आणि तो करवंदीच्या जाळीमागं गेला. मी बांधावर बसून राहिलो. एक एस्टी गेली. दुसरी गेली. मधेच मी हाक मारायचो, तो "हाय" म्हणायचा, इतकंच. संध्याकाळी माझ्या खांद्याला धरून बाहेर आला. उभं राहवत नव्हतं. म्हणाला, "सोडली रं त्यांनी. पोरगी म्हायेरी सोडली."

त्या जेवणानं त्याला महिनाभर अंथरुणाला खिळवलं. मालकानं दुसरा जॉबर ठेवला. पुढं हिराजीला साध्या लूमवर उभं राहावं लागलं, ज्यांना त्यानं काम शिकवलं त्यांच्या शेजारी.

सातव्यात सुमन आली. आली ती डोहाळे घेऊनच. तिला सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, हवी होती. लाल तिखटात, लसूण ठेचून परतलेली, भाकरीबरोबर. माझी बायको म्हणाली, मी करून आणते. हिराजी ऐकेना. "माझी पोर, मी करनार." तोंडाला पंचा बांधून, स्टोव्हसमोर उकिडवा बसून, पेज-वरणाच्या पलीकडं ज्यानं काही शिजवलं नव्हतं तो माणूस सुकट परतायचा. अख्खी चाळ शिंकायची. सुमन खोकत खोकत हसायची आणि म्हणायची, "बाबा, अजून तिखट!" ती भाकरी मोडून जेवायची आणि हा समोर पेजेची वाटी घेऊन बसायचा. वाटीतलं तसंच राहायचं, तिच्याकडे बघण्यात.

मुलगा झाला. न्यायला बारकू पाटील स्वतः आला, हिराजीच्या हातचं पाणी प्याला आणि सुनेला, नातवाला घेऊन गेला. सगळं रीतीप्रमाणं झालं. मग लावणी आली, कापणी आली, दुसरं मूल झालं ते तिकडंच. सासरची मुलगी, तिला वेळ कुठला. वर्षातून एकदा आली तर आली, तीही एस्टीच्या वेळेवर डोळा ठेवून.

एका शुक्रवारी दुपारी मी जेवून आडवा पडलो होतो. भिंतीपलीकडून सुकट परतल्याचा वास आला. मला वाटलं, सुमन आली. सदरा चढवून गेलो. खोलीत हिराजी एकटा. स्टोव्ह नुकता विझवलेला. दोन भाकऱ्या, तव्यावर सुकट, एक ताट मांडलेलं.

"कोन आलाय?"

"कोन न्हाय."

"मग हे कुणासाठी?"

त्यानं तव्याकडे बघितलं, मग दाराकडे. "बस ना," म्हणाला. "केलीच हाय तर खा."

मी भरल्या पोटानं बसलो. त्यानं वाढलं, गुडघे जवळ घेऊन माझ्यासमोर बसला आणि मी पहिला घास तोंडात घातला तसं हलकेच विचारलं, "तिखट बरोबर झालंय ना? तिला जरा जास्तच लागतं."