बळवंतरावांचा हुकूम

बळवंतराव डोणगावकर आमच्या शाळेत कवायत शिकवत, ती भुवयांनी. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेली काळी शेरवानी. हात खांद्याच्या वर नेला की काखेतली शिवण उसवते, म्हणून "हात वर" म्हणताना ते फक्त भुवया चढवायचे. समोर साठ पोरांचे हात सर्रकन वर जायचे. भुवया खाली, हात खाली. कमरेत वाकायचं असेल तर बळवंतराव जमिनीकडं इतक्या आस्थेनं पाहत, की यांचं काहीतरी पडलंय असं वाटून सगळी पोरं वाकत.

पोलीस ॲक्शननंतरची ती पहिली दोन-चार वर्षं. औरंगाबादेत पैठण गेटाच्या अलीकडं आमची प्राथमिक शाळा होती. उर्दू जाऊन मराठी आली होती आणि मराठीबरोबर माझ्यासारखे पंचविशीतले नवे मास्तर आले होते. कवायतीला मात्र कुणी नव्हतं. ते लचांड माझ्या गळ्यात पडणार, एवढ्यात एके सकाळी बळवंतराव हेडमास्तरांसमोर येऊन उभे राहिले. निजामाच्या राज्यात ते रजिस्ट्रीच्या कचेरीत कारकून होते. राज्य बदललं, कचेरीतलं उर्दू गेलं, आणि बळवंतराव वेळेआधीच घरी बसले.

"कवायत शिकवतो. फुकट," ते म्हणाले.

"शिकलात कुठं?"

"कचेरीच्या खिडकीतून. समोर पोलिसांचं मैदान होतं. तीस वर्षं रोज पाहिली."

"स्वतः कधी केली?"

"वक्त कुठं होता?"

हेडमास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी जोरजोरात होकाराची मान हलवली. माझी सुटका होत होती.

पळायला त्यांचा सक्त विरोध. "पळू नका लेकरांनो, पडाल. काय घाई हाय?" शर्यत लावली तर जो सगळ्यांत शेवटी पोचेल त्याचा पहिला नंबर, मात्र मध्ये थांबायचं नाही. अशी एक शर्यत सकाळी सुरू झाली, ती मधल्या सुट्टीपर्यंत संपेना. मी चिडलो, तर म्हणाले, "असू द्या मास्तर, तबियतीला बरं असतं."

त्यांचा मुख्य हुकूम म्हणजे "हुशार!" पोलिसांच्या मैदानावरचा तो "होशियार", म्हणजे सावध उभे राहा. आमची पोरं मराठी घरांतली. त्यांनी तो शब्द सरळ मराठीत घेतला. बळवंतराव "हुशार!" म्हणत आणि साठच्या साठ पोरं छाती काढून ताठ होत. आपल्याला कुणी हुशार म्हणतंय, हे त्यांतल्या पन्नासांना तरी नवीन होतं.

"बळवंतराव, आता 'सावधान' म्हणत जा," हेडमास्तरांनी एकदा सुचवलं.

"सावधान लग्नात म्हणतात, साहेब. ही लेकरं अजून दुसरीत हायेत."

इथपर्यंतचं मी आजवर पुष्कळांना सांगितलंय, हसवलंय. पुढचं बायकोलाही सांगितलेलं नाही. आता पन्नाशी आली, सांगून टाकतो.

माझ्या वर्गात गंगू नावाची मुलगी होती. सहा आणि सात किती होतात, हे तिला दोन दिवस सारखं कधी सांगता आलं नाही. मी तिला रोज ढ म्हणायचो. एक दिवस ती उठून उभीच राहिली.

"न्हाय गुरुजी. कवायतीचे काका मला रोज हुशार म्हणतेत. तुम्ही एकटेच ढ म्हणता."

वर्ग खदखदून हसला. मीही हसायला हवं होतं. मी घरी जाऊन शिक्षण खात्याला निनावी अर्ज लिहिला: "या शाळेत अद्याप निजामी हुकूम चालतात." त्या दिवसांत एवढी एक ओळ पुरत होती. बळवंतरावांची शाळा तर सुटलीच असती, शिवाय माणूस चौकशीच्या फेऱ्यात सापडला असता. हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच लिहिलं.

दोन आठवड्यांनी तपासणीला साहेब आले. हातात माझाच कागद. मैदानात रांगा लागल्या.

"हुकूम कोणत्या भाषेत देता?"

"मराठीत."

"द्या बरं."

बळवंतरावांनी गळ्याचं बटण चाचपलं.

"हुशार!"

रांगा ताठ झाल्या.

"हा तर उर्दू शब्द."

"लेकरांनाच विचारा, साहेब."

साहेबांनी पुढच्या रांगेतल्या गंगूकडं बोट केलं. "हुशार म्हणजे काय गं?"

गंगूनं छातीवर हात ठेवला. "म्हंजे मी."

साहेब पोट धरून हसले. अर्ज घडी करून खिशात गेला आणि वहीत शेरा पडला: "कवायत समाधानकारक." मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलो. माझा नेम चुकला, याचा इतका आनंद मला आयुष्यात दुसऱ्या कशानं झाला नाही.

साहेब गेल्यावर मी बळवंतरावांना विचारलं, "खरा शब्द होशियारच ना?"

"व्हय. पहिले चार दिवस तसंच म्हणलो. मग दिसलं, लेकरं काय ऐकतात ते. तवापासून शब्द थोडा छाटला. बिघडलं काय?"

त्यानंतर नऊ वर्षं ते रोज येत राहिले आणि रोज मला वाटे, आज सांगू. "काय मास्तर, तबियत?" ते विचारत. "बरी आहे," मी म्हणे, आणि वर्गात शिरे.

मग एकदा थंडीत ते चार दिवस आले नाहीत. शनिवारी शाळा सुटल्यावर मी घर शोधत गेलो. बायको असेल, मुलं असतील. नऊ वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. एक खोली, एक खाट, एक ताट, एक पेला. भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवार आणि सणांवर काट मारलेली. शाळा नसलेले दिवस. बळवंतराव घोंगडी पांघरून पडले होते. ताप उतरत आला होता.

बसलो असतो तर पुन्हा राहून गेलं असतं. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "बळवंतराव, नऊ वर्षांमागं तुमच्याविरुद्ध निनावी अर्ज आला होता. तो मी केला होता."

शिव्या ऐकायची माझी तयारी होती. खरं तर मला त्या हव्याच होत्या. ते घोंगडी सावरत उठून बसले.

"त्या अर्जाचा निकाल लागला ना पण?"

"काय?"

"न्हाय, पुन्हा उघडला का कुणी? तुम्ही मुद्दाम घरापर्यंत आलात, म्हणून विचारतो."

मला क्षणभर उमजेना. मग उमजलं. मी त्यांना "उद्यापासून येऊ नका" असं सांगायला आलोय, असं त्यांना वाटत होतं. अर्ज कुणी केला, याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं.

"नाही, नाही. केव्हाच निकाली निघाला तो."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि भिंतीला टेकले.

"मग सोमवारी येऊ ना मी?"

"या," मी म्हणालो. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो.