मार्थाच्या लग्नाची उपकारस्तुती

अकलूजच्या गोजाबाईंच्या पत्राला सयाजी मास्तरांनी अकरा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. अकरा वर्षं! एवढ्या काळात पोरं शाळेत जाऊन दहावी होऊन बाहेर पडतात. पण मास्तरांच्या कपाटात, भूगोलाच्या जुन्या नकाशांखाली, ते निळं आंतर्देशीय तसंच पडून होतं. सोबत उत्तरासाठी आणलेलं पाच रुपयांचं तिकीट. तिकीट त्यांनी पत्र आलं त्याच दिवशी आणलं होतं. पुढचं तेवढं राहिलं.

राहिलं, त्याला कारण होतं. ते पत्र मुळात मास्तरांना आलंच नव्हतं. ते आलं होतं यशोदा करमाळकर या लेखिकेला. आणि यशोदा करमाळकर म्हणजे... सांगतो, पण तेव्हा सोलापुरात हे कुणालाही ठाऊक नव्हतं हे ध्यानात ठेवा. यशोदा करमाळकर म्हणजे सयाजी मास्तरच!

चौतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. चर्चमध्ये शेवटून दुसऱ्या बाकावर बसणार, शिंक आली तर आधी इकडंतिकडं बघणार आणि मग ती गिळणार. या माणसानं चोरून पाच कादंबऱ्या लिहिल्या होत्या! सगळ्या दीडशे वर्षांपूर्वीच्या. महादुष्काळ, मिशनचा दवाखाना, बैलगाड्या, आणि प्रार्थना करता करता प्रेमात पडणारी माणसं. मिरजेचा एक प्रकाशक त्या छापायचा आणि वाचकांची पत्रं पाकिटात घालून शाळेच्या पत्त्यावर पाठवायचा. घरी संशय नको म्हणून मास्तर जेवताना मुद्दाम म्हणायचे, "कादंबऱ्या? फालतू! वेळेचा नुसता नास!" त्यांची बायको, चंद्रिकाबाई, मान हलवायची आणि भाकरी वाढायची.

गोजाबाईंनी लिहिलं होतं: "प्रिय भगिनी यशोदाबाई, तुमची कादंबरी वाचून तीन दिवस घशाखाली घास उतरला नाही. ऐन दुष्काळात मार्थाला एकटी सोडून डॉक्टर घोड्यावर बसून निघून जातो आणि तुम्ही खाली 'समाप्त' लिहिता? तुम्हाला काळीज आहे का? तरी माझ्या मनातलं कुणीतरी लिहिलं, म्हणून मी देवाचे उपकार मानते. पण मार्थाचं लग्न लावा. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी चर्चमध्ये उपकारस्तुती करा, आणि मला कळवा."

आता काय उत्तर देणार? 'मी तुमची भगिनी' म्हणावं तर खोटं. 'मी पुरुष आहे' म्हणावं तर लाज. शिवाय पत्ता होता अकलूजच्या एका दूध डेअरीचा, आणि त्याच डेअरीत मास्तरांचा मेहुणा कामाला! उत्तर त्याच्या हाती पडलं तर? मास्तरांना नुसत्या विचारानं घाम फुटला. शेवटी त्यांनी ठरवलं, आधी मार्थाचं लग्न लावू, मग बघू.

लग्नाला अकरा वर्षं लागली. मास्तरांना स्वतःच्या एकाही वाक्याचा भरवसा नव्हता. लिहायचे, खोडायचे. दुष्काळ आटपला, पटकीची साथ आली, ती आटपली, पण मार्था काही बोहल्यावर चढेना. अखेर परवाच्या गुरुवारी दुसऱ्या भागाचं शेवटचं पान झालं. डॉक्टर परत आला. लग्न लागलं! मास्तर खुर्चीत बसून एकटेच रडले. मग आयुष्यात पहिल्यांदा छाती फुगवून स्वतःशी म्हणाले, "रविवारी उपकारस्तुती, सोमवारी गोजाबाईंना उत्तर. सोपं काम!"

हे 'सोपं काम' लक्षात ठेवा.

उपकारस्तुतीच्या रविवारी चर्चमध्ये वेदीपुढं ज्वारीची कणसं आणि भोपळे मांडतात. देवानं वर्षभरात काय केलं ते जो तो चिठ्ठीवर लिहितो, खाली नाव घालतो आणि दानाच्या पाकिटातून पिशवीत टाकतो. जुने पाळक त्या सगळ्या पाकिटांवर हात ठेवून मनातल्या मनात प्रार्थना करायचे. बावीस वर्षं हेच चाललेलं. त्यामुळं लोक चिठ्ठीत अगदी मोकळेपणानं लिहायचे. देवाशिवाय वाचतो कोण?

यंदा पाळक नवे होते. युवराज पाळक. वय तिशीचं, उत्साह उतू जाणारा, हातात बिनवायरीचा माइक.

"प्रियजनहो, यंदा आपण एकमेकांच्या आनंदात सहभागी होऊ या!" असं म्हणून त्यांनी पाकिटं फोडायला सुरुवात केली.

मास्तरांच्या बुडाखालचा बाक हलला. उठून ओरडावं? पण जो माणूस शिंक गिळतो तो ओरडणार कसा? कुणाचा गुडघा बरा झाला, कुणाच्या बोअरला पाणी लागलं. आमेन, आमेन. आणि मग माइकमधून आलं:

"आपले सयाजी मास्तर लिहितात. 'अकरा वर्षांनी मार्थाचं लग्न झालं. ऐन संकटात तिला एकटी सोडली. तिच्या सगळ्या हालांना मीच जबाबदार. मी तिचा बाप असून आजवर हे कुणाला सांगू शकलो नाही. प्रभूनं तिला सुखी केलं, म्हणून उपकारस्तुती.'"

पंख्यांची कुरकुर ऐकू येऊ लागली. वेदीपुढचा एक भोपळा आपणहून गडगडत खाली आला.

"आमेन," पाळक सवयीनं म्हणाले. मग पुन्हा चिठ्ठीकडं बघून त्यांनी हळूच माइक बंद केला.

सगळ्यांना ठाऊक होतं, मास्तरांना दोन मुलगे. मुलगी नाही! दीडशे माना एकदम मागं वळल्या, शेवटून दुसऱ्या बाकाकडं. मास्तरांनी मात्र एकाच चेहऱ्याकडं पाहिलं. बायकांच्या बाजूला चंद्रिकाबाई बसल्या होत्या. चेहरा चुन्यासारखा पांढरा. त्यांनी गीतांचं पुस्तक मिटलं. बास, एवढंच केलं. चाळीस वर्षांचा संसार त्या पुस्तकासारखाच मिटला, असं मास्तरांना वाटलं.

चर्चमधली भक्ती सुटल्यावर दारातच बसव्वा सिस्टरनी गाठलं. त्या म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, मूळच्या अक्कलकोटकडच्या, आणि महिला मंडळाच्या अध्यक्ष. इंजेक्शन देताना धरायच्या तसा त्यांनी मास्तरांचा दंड धरला.

"अय्यो मास्तर! कोन ही मार्था?"

तोंडावर कुणी विचारलं की मास्तरांना खोटं बोलता येत नसे. तीच सगळी पंचाईत.

"आहे... एक."

"आई कोन तिची?"

"आई दुष्काळात गेली."

"आरारारा! मग पोरीला वाडवलं कुनी?"

"मिशननं."

"आनि तुमी काय करत होता?"

"मी... लिहीत होतो."

"लिवत होता! पोर हितं उपाशी आनि बाप लिवतोय! बरं, जावई काय करतो?"

"डॉक्टर आहे."

"कुटं हाय दवाखाना?"

"फिरता आहे. घोड्यावरून."

बसव्वा सिस्टर दोन पावलं मागं सरल्या. "या जमान्यात घोड्यावरून? मास्तर, पोरगी दिली तरी कुनाला, बघितलं का नीट?"

"अकरा वर्षं बघत होतो," मास्तर म्हणाले. ते खरं होतं. डोळ्यांत पाणी आलं, तेही खरं होतं. आणि ते पाणी बघून बसव्वा सिस्टर विरघळल्या.

"असू द्या. बापानं टाकलं म्हनून आमी टाकायची का लेकरू? चार वाजता मंडळ घेऊन येते तुमच्या घरी. पोरीसाटी प्रार्थना करू, आहेर देऊ. आनि चंद्रिकाबाईला आदी सांबाळा!"

सांभाळणार कसं? रिक्षात मास्तरांनी सात रस्ता चौकापर्यंत धीर गोळा केला. "अगं, ऐक..."

"घरी चला," चंद्रिकाबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर भात वाढला, आमटी वाढली, शेंगाची चटणी वाढली. स्वतः जेवल्या नाहीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! 'कादंबरी लिहितो' म्हणावं, तर रोज जेवताना फालतू कुणी म्हटलं? आणि नाही म्हणावं, तर मार्था उरतेच! चार वाजत आले, मास्तर पाण्याचा तिसरा तांब्या संपवत होते, तेवढ्यात आतल्या खोलीतून करकर आवाज आला. ज्या कपाटाला ते कुणाला हात लावू देत नसत, त्या कपाटाच्या दाराचा! मग नकाशे सळसळले. मग काहीच नाही.

मास्तरांना सगळं कळलं. पत्र सापडलं! परक्या बाईचं, अकलूजहून, 'मार्थाचं लग्न लावा' म्हणणारं!

आणि बरोबर त्याच वेळी दारावर थाप पडली. आठ बायका, एक प्रेशर कुकर आणि झगझगीत लाल रंगाची मोठी सोलापुरी चादर घेऊन बसव्वा सिस्टर आत आल्या.

"कुटं हाय पोरगी?"

मास्तर उभे राहिले. त्यांनी टेबलाच्या खणातून जाडजूड वही काढली आणि दोन्ही हातांनी पुढं धरली.

"ही मार्था."

"आँ?"

"मार्था कादंबरीतली आहे. मी लिहिली. यशोदा करमाळकर म्हणजे... मी."

मग बसव्वा सिस्टर एवढ्या मोठ्यानं हसल्या की कुकरची शिट्टी खाली पडली.

"काय तर काय! यशोदाबाई म्हंजे तुमी? अवो, पोरगी लपवायला दुसरं कायतरी सांगा की! त्या बाईची पुस्तकं वाचून आमी रडलोय. असलं बाईच्या काळजातलं तुमाला लिवता येतंय व्हय? खरं असंल तर सांगा, नवव्या प्रकरणात डॉक्टर नाडी बघताना मार्थाला काय म्हनतो?"

मास्तर हादरले. यांना नववं प्रकरण माहीत! आता ते वाक्य नऊ बायकांपुढं मोठ्यानं म्हणायचं? आतून चंद्रिकाबाई ऐकत असताना? मास्तरांचे कान त्या चादरीपेक्षा लाल झाले. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत, वर्गात नद्यांची नावं सांगावीत तसं म्हणायला सुरुवात केली:

"'मार्था, मी रोज पन्नास जणांची नाडी बघतो...'"

आणि नवल बघा! नऊच्या नऊ बायका एका सुरात म्हणाल्या, "'तुझी बघताना मात्र मोजायचंच विसरतो!'"

दहावा आवाज मागून आला. मास्तर गरकन वळले. दारात चंद्रिकाबाई उभ्या होत्या. एका हातात निळं पत्र, दुसऱ्या हातात पाच रुपयांचं तिकीट.

"हे पत्र कुणाचं?"

"अकलूजच्या... गोजाबाईंचं. अगं शपथ, मी त्या बाईला कधी पाहिलेलंसुद्धा नाही!"

"रोज बघता," चंद्रिकाबाई म्हणाल्या. "गोजाबाई माझ्या आजीचं नाव. माहेरी गेले होते तेव्हा मी सांगत गेले आणि थोरल्या भावाच्या अंकितानं लिहून घेतलं. आठवीत होती तेव्हा. डेअरीत काका आहेत, ते आणून देतील म्हणाली."

मास्तर खुर्चीत बसले. खुर्ची तिथं नव्हती. बसव्वा सिस्टरनी त्यांना वरच्या वर धरलं म्हणून वाचले.

"तू? तू कादंबऱ्या वाचतेस? मग मला कधी का नाही बोललीस?"

"कुणाला बोलू? जेवताना रोज फालतू फालतू म्हणणाऱ्याला? पिठाच्या डब्यात लपवून वाचल्या मी!" आता चंद्रिकाबाईंचा आवाज चढला. "चर्चमध्ये मार्था ऐकलं, अकरा वर्षं ऐकलं. म्हटलं, हे कसं शक्य आहे! कपाट उघडते तर माझंच पत्र! अहो, अकरा वर्षं मी दर नाताळाला डेअरीतल्या भावाला विचारते, गोजाबाईच्या नावानं टपाल आलं का? भाऊ म्हणतो, ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? आजीला जाऊन वीस वर्षं झाली! आणि इकडं हे तिकीट आणून नकाशाखाली ठेवतात! दोन ओळी लिहिता येऊ नयेत?"

मास्तरांचा जन्मभराचा दबलेला आवाज कसाबसा बाहेर आला. "कुणी खरंच मनापासून लिहिलं असेल, यावर विश्वासच बसेना. वाटायचं, उत्तर पाठवलं की त्या बाईला कळेल, लिहिणारा किती साधा माणूस आहे ते."

चंद्रिकाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"म्हंजे पोरगी न्हाईच?" बसव्वा सिस्टर हिरमुसल्या. "लग्नबी न्हाई?"

"लग्न आहे की. या वहीत."

"मग द्या हिकडं!" त्यांनी वही काखेत मारली. "चादर र्‍हाऊ द्या. दीडशे वर्सांमागं का असंना, लग्न ते लग्न."

"वही आधी मी वाचणार," चंद्रिकाबाई म्हणाल्या आणि ती काखेतून ओढून घेतली. मग मास्तरांकडं वळून म्हणाल्या, "आणि उत्तर तोंडी चालायचं नाही. पोस्टानं पाहिजे. गोजाबाईच्या नावानं, याच घरच्या पत्त्यावर."

सोमवारी सकाळी मास्तरांनी सात कागद फाडले. आठव्यावर लिहिलं:

"प्रिय गोजाबाई, मार्थाचं लग्न लागलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे उपकारस्तुती केली, ती माइकवर झाली. देवाचे मी आजवर पुष्कळ गोष्टींसाठी उपकार मानले. पण चाळीस वर्षं ज्या वाचकाच्या हातची भाकरी खाल्ली, तिचे मानायचे राहून गेले. ते आज मानतो. उशिराबद्दल क्षमा करा."

खाली 'यशोदा करमाळकर' लिहिलं, खोडलं, आणि 'सयाजी' अशी सही केली. पाकिटावर तेच अकरा वर्षांपूर्वीचं तिकीट जिभेनं ओलं करून चिकटवलं. चालत सात रस्त्याला गेले. टपालपेटीपुढं उभं राहिल्यावर पुन्हा शंका आली. एखादं वाक्य जास्त तर झालं नाही? परत जाऊन बदलावं? पण या खेपेला त्यांनी डोळे मिटले आणि पाकीट आत सोडून दिलं. टप्प! आवाजसुद्धा आला. मास्तरांना एवढं हलकं वाटलं की समोरच्या रिक्षावाल्याला त्यांनी उगाच नमस्कार केला.

नमस्कारासाठी जोडलेले हात सोडवताना त्यांना दिसलं. अकरा वर्षांत गोंद वाळून गेलेलं ते पाच रुपयांचं तिकीट त्यांच्या अंगठ्याला चिकटलेलं होतं, आणि पत्र बिनतिकिटाचं, बैरंग, गोजाबाईंकडं निघालं होतं. पोस्टमन दंड मागणार, आणि तो भरून हे उत्तर चंद्रिकाबाईंनाच सोडवून घ्यावं लागणार!