अकरा पेट्यांची गिरणी

सोमवारी सकाळी दीपेश तलासरीजवळच्या त्या पाड्यावर पोहोचला, तेव्हा जांभळीखाली अकरा पेट्या असायला हव्या होत्या. जांभळीखाली एक बकरी होती, आणि तिला पेट्यांबद्दल काही माहिती असेल असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं.

पेट्यांमध्ये उन्हावर चालणारी पिठाची गिरणी होती. सुटे भाग आणायचे, जागेवर जोडायचे, बिघडेल तो भाग बदलायचा. ना वायरमन लागत, ना मेकॅनिक. दीपेशच्या संस्थेच्या पुस्तिकेत याला ‘स्वयंपूर्ण पाडा’ म्हटलं होतं. शुक्रवारी संस्थेच्या प्रमुख नूतनमॅडम मुंबईहून गिरणी चालताना बघायला येणार होत्या. चालली तर दीपेश संस्थेत कायम होणार होता. नाही चालली तर घोलवडला काकांच्या वाडीत चिकू निवडायला बसणार होता. काकांनी त्याच्यासाठी स्टूलही आणून ठेवलं होतं, आणि ते किती मजबूत आहे हे ते रोज फोन करून सांगत.

पाड्याचा कारभार बघणारे चैत्याबाबा ओट्यावर दोरी वळत बसले होते.

“बाबा, पेट्या आल्या ना?”

“आल्या. दोन आठवडे झाले. तुमी नव्हतेत, मग वाटल्या.”

“वाटल्या म्हणजे?”

“पेट्या अकरा, घरं अकरा. तुमी बरोबर मोजून धाडल्यात.”

दीपेश ओट्यावर बसला. पाड्यावर ओहोळातले मासे सगळे मिळून धरतात आणि मग घरटी सारखे वाटे घालतात. कोण पाण्यात उतरला आणि कोण काठावर विडी ओढत बसला, हे बघायचं नसतं. पेट्यांचंही तसंच झालं होतं. ‘हे सगळं तुमचं आहे, सगळ्यांचं सारखं’ असं दीपेश मीटिंगमध्ये तीनदा म्हणाला होता आणि पाड्याने ते ऐकलं होतं. पुण्याच्या ज्या प्रशिक्षणाला तो हे दोन आठवडे गेला होता, तिथे लोकसहभाग कसा वाढवावा हे शिकवलं. लोकांनी खरंच ऐकलं तर काय करावं, हे शिकवलं नव्हतं.

एका पेटीत नुसते नट आवळायचे पाने आणि माहितीपुस्तक निघालं होतं. ती धोंडीच्या वाट्याला आली. तिला कमी मिळालं असं वाटू नये म्हणून बाकीच्या दहा घरांनी मिळून तिला एक कोंबडी दिली होती.

“बाबा, ते सगळं परत गोळा करायला लागेल.”

चैत्याबाबांनी दोरी बाजूला ठेवली. “वाटा परत मागतात?” त्यांनी विचारलं. तापात बडबडणाऱ्या माणसाशी बोलावं, तसा त्यांचा आवाज होता.

मार्ग काढला लाडकीने. आठवड्यातून दोनदा नाचणीचं ओझं डोक्यावर घेऊन तलासरीच्या गिरणीवर जाणारी बाई ती. गिरणीची गरज मॅडमपेक्षा तिला जास्त होती. “वाटा परत नाय घेता येत,” ती म्हणाली, “मागून नेता येतो. लग्नाला आमी एकमेकांचे हंडे नाय मागत?”

तेव्हा दीपेश स्वतःची गिरणी अकरा घरांमधून उसनी मागायला निघाला.

लाडकीच्या वाट्याला आलेल्या सोलर पॅनेलवर मिरच्या वाळत होत्या. त्या झटपट वाळतात म्हणून आणखी चार घरच्या मिरच्या रांगेत होत्या. पॅनेल मिळावं म्हणून त्या दीपेशने दोन दिवस उन्हात बसून राखल्या. तुळशीने मोटारीला म्हैस बांधली होती. मोटार सोडवायची तर म्हशीला खुंटा हवा. तो त्याने स्वतः ठोकला, आणि म्हशीने तासाभरात उपटल्यावर पुन्हा ठोकला. धान्य ओतायचं स्टीलचं नरसाळं रविनाकडे होतं, आणि त्यात धोंडीची कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती. कोंबडी धोंडीची, नरसाळं रविनाचं, मग पिल्लं कोणाची? हे ठरेपर्यंत कोंबडीला कोणी हात लावायचा नाही, असा पाड्याचा निकाल होता. दीपेशने कधी ठरेल असं विचारलं. पिल्लं किती निघतात ते बघून, असं उत्तर मिळालं.

बॅटरी पाड्यावरच नव्हती. सुक्याने ती मेहुण्याला, लक्ष्याला देऊन टाकली होती. लक्ष्या झाईला बोटीवर खलाशी. बुधवारी दोन बस बदलून दीपेश झाईला गेला, तेव्हा त्या बॅटरीवर बोटीचा दिवा आणि सात जणांचे मोबाईल चालू होते.

“भाऊ, बहिणीच्या घरची भेट मी तुमच्या हाती परत धाडली,” लक्ष्या म्हणाला, “तर लोक बोलतील, याचं बहिणीशी वाकडं झालं. मीच घेऊन येतो. शुक्रवारी, पाहुणा म्हणून.”

“नक्की याल ना?”

“भरती-ओहोटी बघून.”

शुक्रवारी अकरा वाजता मॅडमची गाडी आली. नरसाळ्याच्या जागी लाडकीने बूड काढलेली बांबूची टोपली बसवली होती. मॅडमनी वहीत ‘स्थानिक साहित्याचा वापर’ असं लिहिलं. बॅटरीच्या जागी मोकळी जागा होती. दीपेश त्या जागेसमोर उभा राहून प्रस्तावना करू लागला आणि चाळीस मिनिटं करत राहिला. मग एका हातात बोंबील आणि खांद्यावर बॅटरी घेऊन पाहुणा आला.

गिरणी चालली. पहिलं पीठ पडलं तेव्हा लाडकीने त्यात हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही.

“याची मालकी कोणाकडे आहे?” मॅडमनी विचारलं.

“माजा नुसता पत्रा,” लाडकी पॅनेल दाखवत म्हणाली. “मोटार तुळशीची. बॅटरी पाहुण्याची.”

दळण संपलं. उसनी वस्तू काम झाल्यावर ताबडतोब परत करायची असते. तुळशी मोटार काढून चालू लागली, सुक्या आणि लक्ष्या बॅटरी घेऊन जेवायला गेले, पॅनेल मिरच्यांकडे रवाना झालं. वीस मिनिटांत जांभळीखाली मॅडम, दीपेश आणि बकरी एवढंच उरलं.

“हे काय चाललंय?”

खोटं बोलायचं त्राण दीपेशमध्ये उरलं नव्हतं. “गिरणी घरी गेली, मॅडम. दळण असलं की परत येते.”

मॅडमनी वही उघडली. “मॉड्यूलर,” त्या हळूच म्हणाल्या. सुटं करून पुन्हा जोडता येणारं, या अर्थाचा हा शब्द त्या सहा वर्षं भाषणांत वापरत होत्या. तो खरोखर चालताना आज पहिल्यांदा बघत होत्या. त्यांनी तिथेच फोन लावून दीपेशला कायम केलं आणि हीच पद्धत राबवायला आणखी सहा पाडे त्याच्याकडे दिले. सुरुवात टेकडीपलीकडच्या पाड्यापासून, पुढच्याच महिन्यात.

गाडी गेल्यावर दीपेशने ही बातमी चैत्याबाबांना सांगितली. टेकडीपलीकडे त्यांची सासुरवाडी. ते बोटांवर मोजू लागले.

“तिथं घरं एकोणीस.”

“पेट्या अकराच येणार, बाबा.”

चैत्याबाबांनी बोटं पुन्हा मोजली.

“मग,” ते म्हणाले, “कापायला लागतील.”