तिसऱ्यांदा विचारा, साहेब

मुलाखतीच्या दिवशी सकाळी कॅरल वकीलबाईंनी हमदुल्लाला शेवटचं बजावलं, "आज लाजायचं नाही. जे केलंत ते सगळं सांगायचं, छाती फुगवून!"

"छे छे, मी काय केलंय?" हमदुल्ला म्हणाला.

बाईंनी कपाळाला हात लावला. त्याची बायको शकेबा खुदकन हसली. "बाई, घरी पाहुणा दिसू दे, यांचा पेटलेला टँकर सुरू! गेल्या ईदेला तर त्यात गोळ्या कमी नि तोफाच जास्त होत्या."

टँकर मात्र खरा होता. अमेरिकन फौजेचं डिझेल वाहता वाहता हमदुल्लानं पेटलेला टँकर छावणीबाहेर नेला होता. सैनिक वाचले, याच्या भुवया जळाल्या, आणि तालिबानला याचं नाव पाठ झालं. काबूल पडलं तेव्हा बायको, लेक हुस्ना आणि एक चहाची किटली घेऊन तो विमानात चढला. अमेरिकेनं आत घेतलं, पण तात्पुरतं. आता तो सॅक्रामेंटोत भाजीची व्हॅन चालवत होता आणि राहायची मुदत संपत आली होती. आज आश्रय मिळाला तर कायमचं राहता येणार होतं. नाही मिळाला तर... त्यापुढचं वाक्य घरात कुणी पुरं करत नसे.

अधिकारी टकला आणि गंभीर होता. समोर हमदुल्ला, त्याच्या एका बाजूला वकीलबाई, दुसऱ्या बाजूला शकेबा. "तुम्ही आमच्या सैनिकांचे जीव वाचवलेत?"

"कसलं हो साहेब! टँकर उताराला होता, आपोआप गेला. मी नुसता आत बसलो होतो."

अधिकाऱ्यानं तेच टाइप केलं. बाई खोकल्या.

"परत गेलात तर धोका आहे?"

परक्या माणसापुढे आपल्या गावाला नावं ठेवणं हमदुल्लाच्या जिवावर आलं. "गाव फार छान आहे हो. जर्दाळू तर असे! तुम्ही एकदा याच."

"म्हणजे धोका नाही?"

"आहे ना. मारतील मला. पण ते तुम्ही कशाला मनाला लावून घेताय?"

बाईंचा खोकला आता दम्यावर गेला. अधिकाऱ्यानं चष्मा काढला. "सरळ विचारतो. तुम्हाला या देशात कायम राहायचंय?"

हमदुल्ला छातीवर हात ठेवून अदबीनं वाकला. "नको नको. तुम्हाला उगाच त्रास."

अधिकाऱ्याची बोटं टाइप करायला पुढे सरकली तशी शकेबा ताडकन उठली आणि इथल्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून कमावलेल्या इंग्रजीत ओरडली, "थांबा! ते लिहू नका! साहेब, अजून दोनदा विचारा!"

"काय?"

"आमच्यात पहिल्यांदा कुणी हो म्हणत नाही. लोक हावरट म्हणतात. लग्नातसुद्धा यांनी पुलाव दोनदा नाकारला. स्वतःच्या लग्नात! विचारा ना."

अधिकाऱ्यानं वकीलबाईंकडे पाहिलं. बाईंनी छताकडे पाहिलं.

"राहायचंय?" त्यानं पुन्हा विचारलं.

"तुमच्याकडे आधीच केवढी गर्दी."

"राहायचंय का?"

हमदुल्लानं सुस्कारा सोडला. "आता तुम्ही एवढा आग्रहच करताय म्हणून... हो."

अधिकाऱ्याच्या ओठांचा कोपरा हलला. त्यानं टाइप केलेलं खोडलं. "बाईसाहेब, आता तो टँकर तुम्हीच सांगा."

शकेबानं सांगितला. तोफा वगळून. जळक्या भुवयांपाशी तिचा आवाज अडखळला आणि हमदुल्ला खाली बघत राहिला.

काही आठवड्यांनी मंजुरीचं पत्र आलं. हमदुल्लानं ते उलटसुलट करून पाहिलं. "हे काय? एकदाच लिहिलंय, 'देत आहोत' म्हणून. जरा आग्रह नाही, काही नाही. कोरडी माणसं!" पण या वेळी त्यानं ते पहिल्याच खेपेला खिशात घातलं.

मग त्यानं ते काढून शकेबापुढे धरलं. "घे, तूच ठेव. तुझ्यामुळे मिळालं."

"माझ्यामुळे कसलं? ठेवा तुमच्याजवळच."

"घे गं."

"नको म्हणते ना, हुस्नाचे बाबा."

"घे."

शकेबानं दोन्ही हातांनी घेतलं, डोळ्यांना ओढणी लावली आणि किटली गॅसवर ठेवली.