टेबलाला म्हातारपण देण्याची शास्त्रोक्त रीत

वस्तू वापरली की जुनी होते, हा एक मागासलेला समज आहे. सुधारलेल्या समाजात वस्तू आधी जुनी करून घेतात आणि मग जपून वापरतात.

आमच्या शेजारच्या सूनबाईंनी कोरं करकरीत लाकडी टेबल आणलं आणि लगोलग ते म्हातारं करायला रंगारी बोलावला. कृती सोपी आहे. आधी गडद रंग, मग कडांना मेणबत्ती घासायची, वर फिका रंग आणि शेवटी पॉलिशपेपरने खरवडायचं. मेणावरचा रंग सुटतो आणि टेबलाने फार सोसलंय असं वाटतं. किडीची भोकं खिळ्याने पाडून मिळतात. (कीड ज्याची त्याने आणावी.) चारही कोपरे सारखेच झिजले पाहिजेत, असा दंडक आहे, हालअपेष्टांतही शिस्त हवी.

याच घरात आणखी एक टेबल होतं. सूनबाईंचे सासरे घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून घरी आले ते हे टेबल घेऊनच. अजूनही त्यावर त्यांची खुडबुड चाले. कोपर टेकून टेकून त्याला डावीकडे खळगा पडला होता. निसटलेला स्क्रू घरंगळत नेमका तिथे येऊन थांबे. आता नव्याला जागा हवी, म्हणून हे टेबल भंगारवाल्याची वाट बघत गॅलरीत गेलं. सासरेही खुर्ची उचलून मागोमाग गेले. (हॉलमधलं टेबल ‘जुनं’ आणि गॅलरीतलं ‘जुनाट’. जुनं व्हायला रंगारी लागतो. जुनाट कोणालाही होता येतं.)

रंगाऱ्याने जाता जाता तज्ज्ञ म्हणून पाहणी केली.

“आजोबा, हे एकाच बाजूला कसं घासलंय?”

“मी डावखुरा आहे.”

“ते बघणाऱ्याला कसं कळणार? काम चुकलंय म्हणतील.”

“बरं. पुढच्या वेळी उजवा होईन.”

भंगारवाला आला त्याच दिवशी सूनबाईंची मैत्रीण नवं टेबल बघायला आली. तिने कौतुक केलं, फोन आला म्हणून गॅलरीत गेली आणि तिथूनच ओरडली, “अगं, हे कोणाकडून करून घेतलंस? आतलं केल्यासारखं वाटतं गं. हे बघ, कसं झाल्यासारखं वाटतं!”

खालून भंगारवाला हाका मारत होता. सूनबाईंनी गॅलरीत येऊन एकदा खाली पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे.

“बाबांनी केलंय,” त्या म्हणाल्या. “आमच्या बाबांनी.”

“काका, मलाही द्याल करून?”

“देईन की. टेबल ठेवून जा.”

“किती दिवस लागतील?”

“कोपर काय म्हणतो त्यावर आहे.”

भंगारवाल्याची रद्दीवर बोळवण झाली. सासऱ्यांचं टेबल ‘नमुना’ या नव्या हुद्द्यावर हॉलमध्ये परतलं. कारागिराविना नमुना अपुरा दिसतो, म्हणून सासरेही परतले. मैत्रिणीचं टेबल सध्या गॅलरीत रांगेत आहे. सूनबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावतात, “बाबांना हलवू नका, काम चालू आहे.”

तूर्त नवीन टेबलं स्वीकारली जात नाहीत. घरच्या घरी करायचं असल्यास सर्वांत वयस्कर माणसाला टेबलाशी बसवावं आणि ‘जरा आत बसता का, पाहुणे यायचेत’ हे वाक्य टाळावं. तुम्ही तसं तोंडाने कधी म्हणत नाही, ठाऊक आहे. तुम्ही नुसती खुर्ची आत नेऊन ठेवता.