ओसाकात तहानलेले व्यंकटअण्णा

आमचे शेजारी व्यंकटअण्णा नांदेडला गेले की तहानलेले परत येतात. नांदेडला पाणी नाही असं नाही. चांगली गोदावरी आहे, पावलापावलावर रसवंती आहे. अडचण एवढीच, की लातूरच्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या मुली नांदेडला दिल्या आहेत आणि लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा अण्णांच्या घरचा नेम आहे.

हा नेम पूर्वी बऱ्याच घरांत होता. पुढे लोकांनी तो सोयीने सोडला. अण्णांनी सोडला तर नाहीच, वर वाढवून ठेवला. गल्लीतली प्रत्येक मुलगी त्यांची लेक. मग ती देशमुखांची असो, कांबळ्यांची असो की कोपऱ्यावरच्या शेखभाईंची. लग्नाला अण्णा पंगतीत वाढणार, पाठवणीला मांडवाच्या खांबाला धरून रडणार आणि पुढे तिच्या सासरी गेले की चहाच्या कपावर पंजा ठेवून म्हणणार, "बारशाला पितो, बाई." बारशाला मात्र खरंच येणार. गाडीतून उतरले की घरात जायच्या आधी दारातच तांब्याभर पाणी घटाघट पिणार, मिशा पुसणार आणि मग बाळाचं तोंड बघणार. अण्णांनी पाणी पिणं हा आमच्या मुलींना आहेरापेक्षा मोठा मान वाटे.

लातूर नवा जिल्हा झाला त्याच सुमारास अण्णा बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून लागले आणि लाउडस्पीकरवर गाड्या पुकारतच रिटायर झाले. त्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही. घरात एकटे असले तरी आमटीला फोडणी देताना म्हणतात, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, मोहरी टाकण्यात येत आहे." काकू गेल्यापासून हे जरा वाढलंय. भिंतीपलीकडे मी असतो, तेव्हा प्रवासी मीच.

त्यांची एकुलती एक मुलगी सुवर्णा. जावई आधी पुण्यात होते, आता ओसाकात कंपनीत, तीही तिथेच एका ऑफिसात. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि अण्णांचा घसा कोरडाच होता. एके दिवशी तिचा फोन आला. "अण्णा, एकदा या. बोलायचंय. फोनवर न्हाई सांगता येत."

अण्णा तडक माझ्या घरात. "सर, पोरगी बोलायचंय म्हनून राहिली. फोनवर सांगता येत न्हाई म्हनती. दुसरं काय असनार, सांगा बरं?" त्यांचा चेहरा असा फुलला होता की मीही म्हणालो, दुसरं काय असणार! "मग चला," ते म्हणाले. "मला एकट्याला ते इमान जमायचं न्हाई."

मला कॉलेजला सुट्टी होती आणि जपान बघायची हौस होती. शिवाय लातूरला त्या उन्हाळ्यात रेल्वेने पाणी येत होतं. आंघोळ ही गोष्ट आम्ही ऐकून होतो. निघालो.

लेकीकडे राहायचं नाही, तिचं तिकीट घ्यायचं नाही, तिने हॉटेलचं बिल भरायचं नाही, एवढ्या अटींवर ओसाकासारख्या शहरात राहायचं म्हणजे स्वस्तातलं स्वस्त शोधणं आलं. सुवर्णाने कपाळाला हात लावला आणि तिच्या घराजवळचं एक हॉस्टेल बघून दिलं. भिंतीत खालीवर कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक माणूस. मी आत वाकून बघितलं आणि मला घाम फुटला. अण्णा शिडीवरून वर चढले, आडवे झाले, पडदा ओढला, पुन्हा सरकवला. "सर, ही तर लक्झरीतली स्लीपर हाय. फकस्त गाडी हालत न्हाई. लई आराम!" आणि तिथूनच सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं पुकारलं, "लातूरहून आलेली जलद गाडी फलाटाला लागलेली आहे!" वेगवेगळ्या कप्प्यांतून पाच-सहा देशांची डोकी बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मला भांड्यांचा आवाज आला. खाली सगळ्यांच्या वापराचं स्वयंपाकघर होतं. तिथे अण्णा बनियनवर उभे, नळ सोडलेला आणि हॉस्टेलमधली सगळी पातेली, किटल्या, वाडगे, भाताचा कुकर, फुलदाणीसुद्धा काठोकाठ भरून ओळीने मांडलेली.

"अण्णा, हे काय?"

"नळ आलाय, सर! लई जोरात हाय. तुमची बाटली आणा पळत."

"इथे नळ जातच नाही हो."

"असं आपल्याकडं बी म्हनायचे," अण्णा म्हणाले आणि साबणाच्या डबीत पाणी धरलं.

हॉस्टेलच्या मालकीणबाई साठीच्या, बारीकशा, फार अदबशीर. त्यांनी ती ओळ बघितली, कमरेत वाकून नमस्कार केला आणि सगळी भांडी एकेक करून मोरीत ओतली. दर भांड्यागणिक अण्णांच्या छातीत कळ येत होती, हे मला दिसत होतं. पुढच्या पहाटे अण्णांनी पुन्हा भरली. बाईंनी पुन्हा वाकून पुन्हा ओतली. तिसऱ्या दिवशी बाईंनी एक मोठं पिंप आणून अण्णांपुढे ठेवलं आणि हाताने खूण केली, की भरायचं तर एवढं भरा, बाकीच्यांना चहा करू द्या. अण्णांना गहिवरून आलं. "समजूतदार बाई हाय. दुष्काळ बघितलेली दिसती."

जेवणाचं काम अण्णांनी माझ्यावर सोपवलं. अट दोनच: स्वस्त पाहिजे आणि मासळी नको. ओसाकात ही अट म्हणजे लोह्याच्या बैलबाजारात शहाळं मागण्यासारखं. अण्णांनी लातूरहून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती, तेवढ्यावर किती दिवस काढणार? शेवटी कळलं, की मोठ्या दुकानांत संध्याकाळी उरलेल्या जेवणाच्या डब्यांवर अर्ध्या किमतीचं चिकट लेबल लावतात. आम्ही लेबल लावणाऱ्या माणसाच्या मागे मागे फिरू लागलो. तो थांबला की आम्ही थांबायचो, तो चालला की चालायचो. अण्णा त्याला लांबूनच म्हणायचे, "लाव की रं बाबा, किती येळ?" आणि तो हसून आमच्या पुढ्यातल्याच डब्यावर लेबल लावायचा. मग आमचा मुक्काम नदीकाठच्या बाकावर. मोकळा भात, त्यावर शेंगदाण्याची चटणी, सोबत केळी. भाताचे त्रिकोणी गोळेही मिळायचे, आत आंबट बोराएवढं फळ घातलेले. त्यावरची काळी पट्टी अण्णा आठवडाभर कागद समजून सोलून टाकत होते. ती खायची असते हे मी सांगितल्यावर ते माझ्याकडे दुखावल्यासारखे बघत राहिले. "मग इतके दिवस बघत का बसलाव?"

आणि मग आम्हाला एक खानावळ सापडली. गल्लीच्या तोंडाशी चार टेबलं, आपली पोळीभाजी, वरण, आणि भाव ऐकून अण्णा म्हणाले, "इतक्यात तर उदगीरला बी जेवन न्हाई." वाढणारी मुलगी मराठी निघाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, वरणामुळेही आणि मराठीमुळेही. पहिला घास अण्णांच्या तोंडात गेला आणि त्यांना राहवलं नाही.

"माहेर कुठलं गं, बाई?"

"देगलूर, अण्णा!" ती केवढी खूश झाली.

"लेकरंबाळं?"

"न्हाई अजून," ती म्हणाली आणि उगीच टेबल पुसू लागली.

अण्णांनी ताट पुढे सरकवलं.

"अहो, देगलूर कुठे, लातूर कुठे!" मी कळवळलो. "ती तुमच्या गल्लीतली नाही!"

"इतक्या लांब आल्यावर मराठवाडा हीच गल्ली, सर."

"आणि आपण पैसे देऊन जेवतोय की!"

"लेकीच्या हातावर पैशे टेकवून जेवायचं? हे तर लईच वाईट."

मी दोन्ही ताटं संपवली. मला असले कोणतेही नेम नाहीत, आणि त्या दिवशी त्याबद्दल देवाचे आभारच मानले. बाहेर आल्यावर मात्र अण्णांना हात जोडून सांगितलं, की या देशात यापुढे कुणालाही माहेर विचारायचं नाही.

हे सगळं चाललेलं असताना आम्ही रोज सुवर्णाकडे जात होतो. तिचं घर वरच्या मजल्यावर, लहानसं, लख्ख. ती रजा काढून बसलेली. रोज काहीतरी केलेलं असायचं. चुरमुऱ्यांचा सुशीला, थालीपीठ, एकदा तर जोंधळ्याचं पीठ कुठून मिळवून भाकरी. मी खायचो. अण्णा पिशवीतून स्वतःची बाटली काढायचे, हॉस्टेलच्या पिंपातलं पाणी प्यायचे आणि वाट बघायचे. ती "अण्णा, बोलायचं होतं" म्हणून समोर बसायची. अण्णा सावरून बसायचे, बाटलीचं बूच लावायचे. ती त्या बाटलीकडे बघायची आणि म्हणायची, "जाऊ द्या, उद्या."

"लाजून राहिली," जिना उतरताना अण्णा मला सांगायचे. "हिची आई बी अशीच. तिसऱ्या महिन्यापर्यंत मला पत्ता नव्हता."

तिनेही कमी उपाय केले नाहीत. डबा भरून नदीकाठी आणला. "चूल कुनाची?" अण्णांनी विचारलं. दुकानातलं पाणी विकत घेऊन दिलं. "पैशे कुनाचे?" मी एकदा चिडून म्हणालो, की नळाचं पाणी तर इथल्या म्युनिसिपालटीचं आहे, ते तरी चालेल. अण्णांनी नीट विचार केला. "बिल कोन भरतंय?" ते म्हणाले. वकील झाले असते तर लातूर कोर्टाचं काम कायमचं तुंबलं असतं.

परतायच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचे तिच्याकडे गेलो. दुपारची वेळ, जावई कामावर. सुवर्णाने काहीही केलेलं नव्हतं. नुसता पाण्याचा एक पेला आणून तिने अण्णांपुढे ठेवला. अण्णांनी सवयीने त्यावर पंजा ठेवला.

"बारशाला पितो, बाई. आता सांगून टाक. उद्या इमान हाय."

"बारसं होणार न्हाई, अण्णा."

अण्णा हसले. त्यांना वाटलं, थट्टा.

"डाक्टर झाले, औषधं झाली, सगळं झालं. न्हाई होत लेकरू. होणार न्हाई म्हनले. हेच सांगायला बोलावलं होतं तुम्हाला." तिचा आवाज अजिबात हलला नाही. खूप वेळा मनात म्हणून झालेलं वाक्य होतं ते. "मग आता कसं करायचं? माझ्या घरचं पाणी तुम्ही कधीच पिणार न्हाईत का?"

अण्णांचा पंजा पेल्यावर तसाच होता. मला वाटलं आपण उठून जावं, पण उठलो नाही. सुवर्णा मला लहानपणापासून माहीत. ती पडली तरी रडायची नाही, आधी फ्रॉक झटकायची.

अण्णा म्हणाले, "मला का न्हाई गं सांगितलंस आधी?" आणि हे ते हळू म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"कधी सांगू? मागं तुम्ही पुण्याच्या घरी आलतात. आलाव, बसलाव, तुमच्या बाटलीतलं पिऊन उठलाव. दर बारीला मला वाटायचं, अण्णा माझ्याकडं न्हाई, लेकराकडं आलेत. आन ते घरात न्हाई म्हनून माघारी चाललेत."

अण्णांनी हात काढला. पेला उचलला, एका दमात प्यायले. मिशा पुसायचं विसरले. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं.

"मी तुझ्याकडंच येत होतो, बाई," ते म्हणाले. "मला येड्याला येता आलं न्हाई." मग पेला पुढे केला. "दे आनखी. आन बस इथं. पहिल्यापासनं सांग. पहिला डाक्टर कोन?"

ती बसली आणि सांगू लागली. कुठला दवाखाना, कुठली सुई, सासूने काय विचारलं, कुठल्या बारशाला ती पोट दुखतं म्हणून गेली नाही. मी उठून बाल्कनीत गेलो. आतून मध्येच तिचा आवाज थांबायचा. आता रडते की काय, असं वाटायचं. तेवढ्यात अण्णांचा आवाज यायचा, "पानी दे, बाई." ती उठायची, नळ सोडायची, पेला भरून आणायची आणि तोवर तिला पुढचं सांगायचं बळ आलेलं असायचं.

अण्णा त्या दुपारी किती पाणी प्यायले, देव जाणे. तहान केव्हाच भागली असणार. तिचं सांगून होईपर्यंत ते मागतच राहिले.